ट्रॅक्टर वर उभा, दोर नाल्यात: विंचने लाकूड काढायला शिकणाऱ्यांसाठी

धानाची मळणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, ट्रॅक्टर रिकामे होतात आणि धुऱ्यावरच्या, नाल्याकाठच्या बाभळी काढायचं काम निघतं. नागभीड-सिंदेवाहीकडची तरुण पोरं मला हमखास विचारतात, घरचा ट्रॅक्टर आहे, मागे विंच लावली तर सरपण ओढायचा धंदा जमेल का? जमेल. पण यात ट्रॅक्टर चालवणं थोडं आणि तो कुठे उभा करायचा हे ठरवणंच फार, एवढं आधी मनात पक्कं करा.

विंच म्हणजे दोर ड्रमवर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र. ती थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडदांड्यांवर, बसते आणि पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या मागच्या शाफ्टवर, चालते. ड्रमवर वायररोप, म्हणजे तारेचा दोर, खाली लोखंडी पातं. ओंडका आपल्याकडे येतो तेव्हा तेवढाच ताण ट्रॅक्टरला ओंडक्याकडे खेचतो. पातं जमिनीत रुतून तो ताण पेलतं. म्हणून गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि पातं पूर्ण टेकलेलं, याशिवाय ड्रम फिरवणाऱ्या विंचच्या क्लचच्या दोरीला हात लावायचा नाही. ट्रॅक्टरची पाठ थेट ओंडक्याकडे हवी. तिरपं ओढलं तर ट्रॅक्टर कडेला कलंडतो.

आपल्याकडे अजूनही साखळी एक्सलला किंवा वरच्या लिंकला बांधून सरळ ओढतात. ही सवय जीव घेते. ओंडका खुंटाला अडला की मागची चाकं जागीच अडतात, इंजिनचा जोर तोंड वर उचलतो आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायला वेळच मिळत नाही. विंचचा मोठा फायदा मला इथे दिसतो: ओढताना ट्रॅक्टर हलत नाही, सीटवर कुणी बसायची गरज नसते आणि नाल्याच्या चिखलात चाक उतरत नाही. टणक जागेवर, बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) बाहेर ट्रॅक्टर लावा आणि खाली फक्त दोर जाऊ द्या.

ओंडक्याचं वजन नजरेने ठरवू नका. 30 सेंटीमीटर जाडीचा, 3 मीटर लांबीचा ओंडका म्हणजे साधारण 0.21 घनमीटर लाकूड. ओली बाभूळ जवळपास पाण्याइतकी जड धरली तरी 200 किलो झाले. त्यात ओंडक्याने मातीत नाक खुपसलं की ताण कुठल्या कुठे जातो. म्हणून फांद्या बुंध्यालगत साफ छाटा, जाड टोक पुढे ठेवा, दोराला जोडलेल्या साखळीचा फास ओंडक्याच्या टोकापासून हातभर आत आवळा आणि पुढची कड कुऱ्हाडीने थोडी गोल करा. या कामाला पाच मिनिटं जातात, पण पुढे तासभर वाचतो. ओंडका अडलाच तर इंजिन रेटू नका. दोर सैल करा, फास थोडा फिरवून बांधा. ओंडका गडगडत अडथळ्यावरून सुटतो.

सरळ वाट नसेल तिथे कप्पी लागते. ती जिवंत, जाड झाडाला बुंध्यापाशी रुंद पट्ट्याने बांधा. तार थेट सालीवर आवळली तर झाड सोललं जातं. दोर कप्पीतून वळून परत येतो तेव्हा कप्पीवर आणि पट्ट्यावर दोराच्या दुपटीपर्यंत ताण येतो, हे नवख्याच्या ध्यानात नसतं. कप्पी सुटली तर ती दोराच्या कोनाच्या आतल्या बाजूला गोळीसारखी सुटते. त्या कोनात माणूस नको, बैल नको, बघायला जमलेली पोरं तर नकोच. मी काम सुरू करण्याआधी मोठ्याने सांगतो, "बाबू, दोराच्या आत नोको उभा राहू!" आणि सगळे बाजूला झाल्यावरच क्लचची दोरी ओढतो. ताणलेला दोर ओलांडायचा नाही, घाई असली तरी नाही.

अंगावरच्या कपड्यांचंही तसंच. उन्हाचा दुपट्टा डोक्याला बांधलेला असतो आणि वाकलं की त्याचं टोक खाली लोंबतं. पीटीओचा शाफ्ट ते क्षणात गुंडाळतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर नवीन बसवेपर्यंत विंच चालवू नका. दुपट्टा काढून ठेवा, टोपी घाला. हातात चामड्याचे मोजे हवेत, कारण जुन्या दोराच्या तुटलेल्या तारा तळहात फाडतात.

कागदांचं थोडक्यात सांगतो. झाड सातबाऱ्यातलं असलं तरी ते बिनदिक्कत तोडता येतं असं नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, खैर अशी झाडं आहेत आणि त्यांना आधी परवानगी लागते. लाकूड रस्त्यावर आणायचं तर वाहतूक परवान्याचं वेगळं बघावं लागतं. कोणतंही झाड असो, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि शेतमालकाकडून कागद बघूनच ट्रॅक्टर काढा. वनजमिनीची हद्द लागून असेल तर मालकाला सोबत घेऊन खुणा बघा. आमच्या भागात वाघाचा वावर आहे. पहाटे आणि सांजेला काम नको, नाल्याच्या झुडपात एकट्याने उतरणं तर कधीच नको.

भाडं ट्रॉलीवर ठरवायचं की तासावर? माझं मत तासावर. ट्रॉलीवर ठरवलं की माणूस घाई करतो आणि ओंडक्याला फास नीट बसत नाही.

काम संपलं की दोर तसाच ड्रमवर भरू नका. सैल गुंडाळलेल्या दोरावर पुढच्या वेळी ताण आला की वरचा पदर खालच्यात घुसून अडकतो. टोकाला छोटा ओंडका बांधा, थोड्या ताणावर पदराला पदर लावून दोर आत घ्या. आत येताना त्यावर नजर ठेवा. तारा तुटलेली किंवा चेपलेली जागा दिसली तर तिथे रंगाची खूण करा आणि तो दोर बदलेपर्यंत वापरू नका. शेवटचे काही वेढे ड्रमवरून कधीच सोडायचे नाहीत, कारण त्या वेढ्यांच्या घट्टपणावरच दोर ड्रमला धरून राहतो, टोकाच्या छोट्या क्लॅम्पवर नाही.