कासवांच्या किनाऱ्यावर घर बांधायचंय? आधी दिव्यांचं ठरवा

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा, समुद्री कासवं जिथं अंडी घालतात त्या कोकणातल्या पुळणीलगत (वाळूच्या किनाऱ्यालगत) घर बांधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सातबारा, मोजणी झाली आहे असं धरतो.

जागा ठरवताना सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) मंजूर नकाशा समोर ठेवा. २०१९च्या अधिसूचनेनुसार कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूची टेकाडं सर्वांत कडक वर्गात मोडतात. चौरस किलोमीटरला २१६१पेक्षा कमी वस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर 'ना विकास क्षेत्र' आहे. भरतीरेषा नकाशावरचीच खरी, दलाल दाखवतो ती नाही. 'सगळेच बांधतात' हे कुणाचंही ऐकू नका.

टेकाड सपाट करू नका. मर्यादवेल, केवडा जसा आहे तसा राहू द्या. समुद्राच्या बाजूला भिंत नको, कारण मादी तिला धडकून परत फिरते. नोव्हेंबर ते मे या विणीच्या हंगामात रात्रीचं काम बंद.

आता दिवे. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच, कारण वायरमन सवयीनं दर्शनी भिंतीवर उंच होल्डर काढतो आणि एकदा वायर भिंतीत गेली की कुणी ती हलवत नाही. म्हणून दिव्यांचा नकाशा जोत्याच्या आधी काढा.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं बहुतेक रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ, तिकडे धावतात. काळोख्या रात्री ती बाजू समुद्राची असते. तुमचा दिवा लागला की ती घराची होते. 'अंडी हॅचरीत (पुळणीवरच्या राखलेल्या कुंपणात) नेतात, मग दिव्यांचं काय?' असं मला नेहमी विचारतात. सगळी घरटी सापडत नाहीत, हे एक. आणि अंडी घालायला आलेली मादी उजेड पाहून न घालताच माघारी जाते. तिच्यासाठी हॅचरी काय करणार?

'वॉर्म व्हाइट लावा, चालतं' हा सल्ला साफ चुकीचा आहे. त्यातही निळा प्रकाश असतोच. क्रम असा ठेवा: समुद्राच्या बाजूचा दिवा आधी काढूनच टाका. काढता येत नसेल तर गुडघ्याच्या उंचीवर आणा, वरून झाकण घाला, प्रकाश फक्त पायरीवर पडू द्या. त्यानंतरच रंगाचा विचार करा, आणि तोही खरा अंबर किंवा लाल. नुसता रंग बदलून उंचावरचा दिवा तसाच ठेवणं म्हणजे काहीच न करणं. पश्चिमेच्या मोठ्या काचांना जाड पडदे हवेतच. त्या भिंतीला पांढरा रंग देऊ नका, जांभा उघडा ठेवा. पांढरी भिंत आतला, बाहेरचा सगळा उजेड पुळणीवर फेकते.

राहायला जाण्याआधी अमावास्येच्या रात्री घरातले सगळे दिवे लावा, पुळणीवर जा आणि हनुवटी वाळूला टेकवून घराकडे बघा. पिल्लाची नजर त्याच उंचीवर असते. बल्ब दिसला, किंवा माडाच्या खोडांवर, छपराच्या पागोळीखाली उजेड पसरलेला दिसला, तर तो दिवा बदला. उभं राहून बघणं कामाचं नाही.

कंपोस्ट, ओला कचरा उघडा टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि तीच घरटी उकरतात.

वाळूत मादीच्या पायांचा माग दिसला तर उकरून बघू नका, मागावरून चालू नका. जागा लक्षात ठेवा आणि सकाळ व्हायची वाट न पाहता गावातल्या कासवमित्राला (घरटी राखणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याला) कळवा.