डब्लिनचा व्हिसा नाही, तरी सेंट पॅट्रिक्स डे साजरा

ग्लासगोत शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी लिहितोय. १७ मार्चला, म्हणजे आयर्लंडच्या संत पॅट्रिकच्या सणाला, डब्लिनला जायचा बेत होता, पण यूकेचा स्टुडंट व्हिसा आयर्लंडला चालत नाही. एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरू देणारी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे खरी, पण ती ठरावीक व्हिजिटर व्हिसांसाठी. आपल्याला वेगळा आयरिश व्हिसा काढावाच लागतो. त्याला वेळ कुठून आणणार?

मग बेलफास्ट धरलं. उत्तर आयर्लंड यूकेतच येतं, त्यामुळे व्हिसाचा प्रश्नच मिटला. बसने केर्नरायन बंदर, तिथून फेरीने साधारण सव्वादोन तासांत पलीकडे. फोटो असलेलं ओळखपत्र मात्र जवळ ठेवा. २०२४ मध्ये १७ तारीख रविवारी आली, म्हणून सोमवारी तिथे सुट्टी होती. मिरवणूक, हिरव्या टोप्या, पबमधली फिडल (व्हायोलिन), सगळं मिळालं. खिशालाही झेपलं.

खरी मजा डाउनपॅट्रिकला. बेलफास्टहून बसने तासाभरावर. कॅथेड्रलच्या आवारात संत पॅट्रिकची समजली जाणारी समाधी आहे: ग्रॅनाइटची एक ओबडधोबड शिळा, वर क्रॉस आणि पॅट्रिकचं नाव. शिळा १९०० ची, श्रद्धा फार जुनी. लोकांच्या कोटावर तीन पानांचा शॅमरॉक खोचलेला, अगदी बेलाच्या पानासारखा.

बेलफास्टहून डब्लिनला थेट बस आहे. ‘सीमेवर कोण विचारतंय’ म्हणणारे भेटतील, पण गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, मध्येच बस थांबवून कागद तपासतात. व्हिसा नसेल तर त्या बसच्या वाटेला जाऊ नका.