यॉर्कशायर पुडिंगची पूर्वतयारी

पुडिंग म्हटले की आपल्याकडे कॅरामल कस्टर्ड आठवते. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे पुडिंग मात्र गोड नसून खारे असते आणि रविवारच्या भाजलेल्या गोमांसाबरोबर ग्रेव्ही घालून खातात. 1747 साली हॅना ग्लास यांच्या पाकपुस्तकात ते याच नावाने आले, तेव्हा विस्तवासमोर भाजत असलेल्या मांसाची चरबी खालच्या भांड्यातील पुडिंगवर ठिबकत असे. आता ओव्हन आला, तरी चरबीचे महत्त्व तेवढेच आहे.

बारा पुडिंगांसाठी 140 ग्रॅम मैदा, 4 अंडी, 200 मिलिलिटर दूध आणि चिमूटभर मीठ काढून ठेवावे. बेकिंग पावडर अजिबात नको, कारण पुडिंग वाफेच्या जोरावर फुगते. मैद्यात आधी अंडी फेटून गुठळ्या मोडाव्यात, मग थोडेथोडे दूध घालावे. धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ झालेले हे मिश्रण चोचीच्या भांड्यात ओतून किमान अर्धा तास झाकून ठेवावे. रोस्ट, म्हणजे भाजायचे गोमांस, ओव्हनमध्ये असतानाच हे उरकलेले बरे.

रोस्ट बाहेर काढून मुरायला ठेवले की ओव्हन अर्धा तास मोकळा मिळतो, आणि पुडिंगला तेवढाच वेळ लागतो. ओव्हन 220 अंश सेल्सियसवर न्यावा, वरचा कप्पा रिकामा करावा आणि मफिन ट्रेच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर गोमांसाची चरबी घालून ट्रे दहा मिनिटे तापवावा. अंडी खाणारा शाकाहारी पाहुणा असल्यास सूर्यफुलाचे तेल चालते. लोणी मात्र इतक्या उष्णतेत करपते. चरबीतून धुराची पुसट रेघ निघू लागली की ट्रे बाहेर घेऊन पीठ झटपट ओतावे. कडेला लगेच बुडबुडे उठून चर्र आवाज झाला नाही, तर चरबी पुरेशी तापलेली नाही असे समजावे आणि उरलेले पीठ ओतण्याआधी ट्रे पुन्हा आत ठेवावा.

त्यानंतर वीस मिनिटे दार उघडायचे नाही. कडा घट्ट होण्याआधी उष्णता उतरली तर फुगलेले पुडिंग बसते. म्हणून ताटे, गरम ग्रेव्ही आणि पाहुणे, सगळे त्याआधीच टेबलाशी हजर हवे. चार इंचांपेक्षा बुटके पुडिंग यॉर्कशायरचे नव्हेच, असे रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने 2008 साली जाहीर केले होते. मला विचाराल तर तीन इंचांचे, पण कुरकुरीत कडांचे पुडिंगही पानात यायला हरकत नाही. यॉर्कशायरच्या जुन्या घरांत ते मांसाच्या आधीच ग्रेव्हीबरोबर वाढत, म्हणजे पोट निम्मे भरे आणि महागडे मांस पुरवून खाता येई.