साइड एअरबॅगचा दिवा विझत नाही? बॅग बदलण्याआधी या चुका टाळा

एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला की आपल्या बेळगाव भागात दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "काय होत नाही ओ, गाडी पळतीय की." दुसरा, "बॅग गेलीय, अख्खं बॅकरेस्ट बदलावं लागेल." पहिला सल्ला धोक्याचा आहे, कारण दिवा पेटलेला असताना टक्कर झाली तर बॅग उघडेलच याची खात्री उरत नाही. काही गाड्यांत एका सर्किटच्या दोषापायी सगळी सिस्टिमच गप्प बसते. दुसरा सल्ला नुसता महागाचा. साइड एअरबॅगच्या तक्रारीत बॅग स्वतः खराब निघणं विरळा. दोष बहुतेक वेळा सीटखालच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये असतो, आणि तो शोधायची एक ठरलेली रीत आहे.

आधी थोडं आतलं. साइड बॅग बॅकरेस्टच्या दाराकडच्या कडेत घडी करून बसवलेली असते. तिच्यात ती फुलवणारा एक छोटा इग्नायटर असतो, गॅरेजमध्ये त्याला स्क्विब म्हणतात. त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २ ओहमच्या आसपास. बॅग कधी उघडायची ते ठरवणारं कंट्रोल युनिट बहुधा गिअरच्या पुढे-मागे, कन्सोलखाली बसवलेलं असतं. इग्निशन चालू असेपर्यंत ते त्या सर्किटमधून अगदी बारीक करंट सोडून रेझिस्टन्स मोजत राहतं. तो वाढला, घटला, वायर बॉडीला लागली किंवा बॅटरीच्या प्लसला लागली, की दोषाचा कोड नोंदतं आणि दिवा लावतं. म्हणजे एखाद-दुसऱ्या ओहमचा फरकसुद्धा पुरतो. हेडलाइटच्या कपलरवर इतका गंज चढला तर कुणाला कळणारही नाही, इथे मात्र लगेच दिवा.

कोड न वाचता हात घालणं

बाजारात मिळणारा स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड दाखवतो. एअरबॅगचं युनिट वाचणारा स्कॅनर हवा. साधारण बी००२० हा डाव्या साइड बॅगच्या सर्किटचा आणि बी००२८ उजव्याचा, पण बऱ्याच कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात. म्हणून आकड्यापेक्षा वर्णन नीट वाचा. 'रेझिस्टन्स जास्त' किंवा 'ओपन' असेल तर पिन सैल, गंजलेली किंवा वायर तुटलेली. 'रेझिस्टन्स कमी' असेल तर दोन वायरी एकमेकींना लागल्यात किंवा कपलर पूर्ण बसलेला नाही. 'शॉर्ट टू ग्राउंड' म्हणजे कुठेतरी वायरीचं कव्हर घासून ती सीटच्या पत्र्याला टेकलीय.

आणि वाचल्या वाचल्या डिलीट मारू नका. आधी लिहून घ्या, फोटो काढा. कोड चालू आहे की जुना नोंदलेला, हेही बघा. गावात कुणीतरी जंप स्टार्ट दिला असेल किंवा बॅटरी मरायला टेकली असेल तर व्होल्टेजचे कोडही गोळा होतात, त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही.

बॅटरी न काढता कपलर ओढणं

इग्निशन बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. टकरीत बॅटरी तुटली तरी बॅग फुटावी म्हणून युनिटमध्ये वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात. मायनस टर्मिनल काढा, बाजूला बांधून ठेवा आणि थांबा. किती, ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कुठे दीड मिनिट, कुठे ३ मिनिटं. पुस्तक हाताशी नसेल तर चहा पिऊन या. कपलरला हात लावण्याआधी दाराच्या उघड्या लोखंडाला बोट लावून अंगातली स्टॅटिक वीज काढा. उन्हाळ्यात सिंथेटिक कव्हरवर घासून उतरल्यावर ती किती असते ते आपल्याला ठाऊक आहे. परत जोडल्यावर पहिल्यांदा इग्निशन ऑन करताना सीटवर कुणी बसू नये, खिडकीतून हात घालून चावी फिरवावी.

सीटखाली न बघणं

खरी गंमत इथे आहे. सीट पुढे-मागे सरकते आणि तिच्याबरोबर वायरिंगचा पट्टा ताणला जातो. त्यात आपल्या गाड्यांच्या सीटखाली काय नसतं? पाण्याची बाटली, छत्री, जॅक, मुलांचे बूट. मागे बसलेल्याचे पाय थेट एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात गाडीत आलेलं पाणी महिनाभर कारपेटखाली ओलंच राहतं. चोर्ल्याच्या रस्त्यावर एसीच्या ड्रेन पाइपमध्ये तांबडी माती बसली की पाणी डाव्या पायाकडे, कारपेटखाली उतरतं. मग डाव्या सीटचाच कोड का येतो याचं कोडं पडत नाही.

कपलरला लॉकची दुसरी एक छोटी पट्टी असते. ती 'टक्' आवाज करून आत गेली नसेल तर कपलर अर्धवटच बसलेला असतो. आता त्याची एक खुबी. कपलर सुटला की चुकून करंट येऊन बॅग फुटू नये म्हणून आतली एक पत्ती बॅगकडच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते. कपलर पूर्ण बसला तरच ती पत्ती उचलली जाते. त्यामुळे अर्धवट बसलेला कपलर 'रेझिस्टन्स कमी' दाखवतो आणि माणूस वायरीतला शॉर्ट शोधत दिवस घालवतो. बऱ्याच गाड्यांत युनिटकडच्या कपलरमध्येही अशीच पत्ती असते. युनिटचा कपलर काढून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मोजला आणि मीटरने शून्य दाखवलं, तर 'वायर शॉर्ट' असा निकाल लावू नका. पत्ती आधी उचलून घ्यावी लागते.

पिना घासायला सँडपेपर किंवा ब्लेड नको. या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, तो गेला की सहा महिन्यांत पुन्हा तीच तक्रार. तेलकट स्प्रेही नको, कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. हिरवा गंज आतपर्यंत शिरला असेल तर कपलर बदला. पिवळा कपलर म्हणजे साइड बॅगचाच, असंही धरू नका. टकरीत सीट बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचाही बऱ्याचदा पिवळाच असतो. डायग्राममधले वायरीचे रंग जुळवा.

मीटर किंवा टेस्ट लॅम्प बॅगेला लावणं

टेस्ट लॅम्पचा हिशेब सांगतो, म्हणजे भीती का ते कळेल. हल्लीच्या बहुतेक स्क्विबना पेटायला १.२ अँपिअर करंट २ मिलिसेकंद मिळाला तरी पुरतो. इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो. पुढचं सांगायला नको. डिजिटल मीटर तेवढा करंट सोडत नाही हे खरं, पण जुना काट्याचा मीटर, बिघडलेला मीटर, चुकीची रेंज, यातलं काहीही होऊ शकतं. म्हणून सगळ्या कंपन्या बॅगेच्या पिनांवर मीटर लावायला मनाई करतात, आणि माझ्या मते ती मनाई वाद न घालता पाळावी.

मग बॅग तपासायची कशी? बॅगेच्या जागी २ ते ३ ओहमचा डमी लोड, म्हणजे साधा रेझिस्टर, त्या कपलरला बसणाऱ्या अडॅप्टरसह. बॅटरी काढून, थांबून, सीटखालचा कपलर सोडा आणि गाडीच्या बाजूच्या कपलरला डमी लावा. बॅटरी जोडा, कोड पुसा, परत वाचा. कोड परतला नाही तर दोष सीटच्या बाजूला: कपलर, बॅकरेस्टमधून वर जाणारी वायर किंवा क्वचित बॅग. कोड परत आला तर दोष युनिटपर्यंतच्या वायरिंगमध्ये. युनिटवर संशय सगळ्यात शेवटी. एवढी एक चाचणी केली तरी निम्मे विनाकारण बदललेले पार्ट वाचतील.

स्कॅनर लाइव्ह डेटा दाखवत असेल तर बाहेर उभं राहून, रिकामी सीट पूर्ण पुढे-मागे सरकवा, बॅकरेस्ट पाडा आणि उठवा, आकड्यावर नजर ठेवा. एखाद्या ठिकाणी तो उडी मारतो. वायर नेमकी तिथेच तुटत आलेली असते.

वायर पिळून टेप मारणं

दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात त्या बाहेरच्या सिग्नलचा त्रास कमी व्हावा म्हणून. त्या सोडवून, लांब तुकडा जोडून, काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण. काही कंपन्या या सर्किटच्या वायरीची दुरुस्ती करूच देत नाहीत, हार्नेस बदला म्हणतात. काही वायरी दाबून जोडायचं ठरावीक क्रिंप किट देतात. आपल्या गाडीला काय चालतं ते बघूनच सोल्डरिंग आयर्न हातात घ्या.

कव्हरवाला आणि स्पीकरवाला

नवी गाडी घेतली की चार दिवसांत सीट कव्हर आणि मॅटिंग, ही आपली पद्धत. साइड बॅग बॅकरेस्टच्या शिवणीतून फाडून बाहेर येते. समोरून होणाऱ्या टकरीत माणसाच्या आणि धडकेच्या मध्ये बॉनेटची लांबी असते, बाजूच्या टकरीत फक्त दार. त्यामुळे साइड बॅगला अगदी काही मिलिसेकंदांतच उघडावं लागतं. जाड कव्हर आडवं आलं तर ती अडते किंवा भलतीकडे फुटते. कव्हर घ्यायचंच तर त्या कडेला मोकळं किंवा कच्च्या दोऱ्याच्या शिवणीचं घ्या. बसवताना कव्हरचे पट्टे आणि हूक सीटखाली वायरीला तर अडकवलेले नाहीत ना, हे वाकून स्वतः बघा. कव्हर बसवल्यानंतर दोन दिवसांत दिवा लागला तर दुसरीकडे शोधायची गरजच नाही.

काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा प्रेशर सेन्सर दाराच्या आत असतो. स्पीकर बसवताना दाराचं प्लास्टिक फाडलं किंवा पत्र्याला भोक पाडलं तर तो सेन्सर चुकीचं वाचतो, आणि दरवेळी कोड येतोच असं नाही.

जुनी गाडी घेताना

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या गाड्या स्वस्तात येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी त्या भागात पाणी पाणी केलं होतं, यमगर्णीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता. पाणी सीटच्या रेलपर्यंत आलं की पिवळे कपलर आणि कन्सोलखालचं युनिट दोन्ही भिजतात. सीटच्या रेलवर, बोल्टवर गंज, कारपेटखाली बारीक गाळ दिसला तर साइड बॅगची तक्रार आज नसली तरी येणार. भिजलेलं युनिट सुकवून परत बसवणं मला पटत नाही. टकरीत बॅग उघडलेल्या गाडीच्या युनिटमध्ये क्रॅश डेटा, म्हणजे टकरीची नोंद, अडकतो, ते तर कंपनीच्या सूचनेप्रमाणे बदलायलाच लागतं.

आणखी एक लबाडी. बॅग गेलेली असताना कपलरमध्ये रेझिस्टर खुपसून दिवा विझवतात. शोध घेण्यासाठी डमी लोड ठीक, विकण्यासाठी तो गुन्हा. काही जण दिव्याचं कनेक्शनच तोडतात. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून साधारण ६ सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा इंजिनच्या दिव्याबरोबर अगदी त्याच क्षणी विझला, तर पैसे देण्याआधी स्कॅनर लावा आणि बॅकरेस्टवरची 'एअरबॅग' पट्टी खरंच त्या व्हेरिअंटची आहे का, हे गाडीच्या व्हीआयएन (चॅसी) नंबरवरून कंपनीच्या शोरूममध्ये विचारा. खालच्या मॉडेलची सीट वरच्या मॉडेलच्या गाडीत बसवलेली असेल, तर तिच्यात बॅगच नसते.