एका दिवसाचा ग्रुप ट्रेक नेताय? या चुका टाळा

रविवारच्या ग्रुप ट्रेकचं गणित बहुतेक वेळा पायथ्याला पोहोचायच्या आधीच बिघडलेलं असतं. पुण्यातून राजगडाला निघालेली पंचवीस जणांची गाडी पाच ठिकाणी थांबते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ‘दोन मिनिटांत पोचतो’ म्हणत पंधरा मिनिटं खातो. मग हायवेवर नाश्ता, आणि पंचवीस प्लेट पोहे, चहा, हात धुणं यात पाऊण तास. साडेसहाला चढायला लागायचं, तिथे पावणेनऊ वाजतात. उन्हातला चढ, दुपारीच संपलेलं पाणी, अंधारातली उतरण ही सगळी या सव्वादोन तासांची देणी.

पिकअप दोन, फार तर तीन ठेवा. गाडी पाच मिनिटांच्या वर थांबणार नाही हे नोंदणीच्या मेसेजमध्येच लिहा आणि एकदा तरी खरंच सोडून जा; पुढच्या ट्रेकला सगळे वेळेवर येतात. नाश्ता पायथ्याच्या गावात, आदल्या दिवशी फोनवर आकडा सांगून. जेवणाचंही तसंच. पंचवीस जणांचं पिठलं-भाकरी म्हणजे साठ-सत्तर भाकऱ्या. उतरून आल्यावर ‘मावशी, जेवण मिळेल का?’ विचारलंत तर दीड तास अंगणात बसून राहाल.

वेळ काढताना होणारी चूक

दोन सडसडीत पोरांनी पायलट ट्रेक (आधीची चाचणी फेरी) केला, दीड तासात वर पोचली, म्हणून वेळापत्रकात दीड तास लिहिला. हे चालत नाही. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला साधा हिशेब आजही उपयोगी पडतो: सपाटीवर ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट साधारण ३ किमी आणि ६०० मीटर चढ धरली, तर ३६ मिनिटं अधिक एक तास, म्हणजे दीड तासाहून थोडा जास्त वेळ होतो. पण हा सराव असलेल्या एकट्या माणसाचा वेळ झाला. नवखे असलेल्या गटासाठी त्याची दीडपट करा: जवळपास अडीच तास.

यात कातळटप्पा धरलेला नाही, आणि नवे लीडर नेमके इथेच फसतात. चोर दरवाज्याखाली रेलिंग धरून एकेकट्यानेच चढावं लागतं. माणशी दीड मिनिट धरलं तरी पंचवीस जणांना सदतीस मिनिटं लागतात. बालेकिल्ल्याच्या चढावर पुन्हा तेच, आणि उतरताना वेळ वाढतो, कारण पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. त्यातच रविवारी समोरून दुसरे तीन ग्रुप येतात. म्हणून गटातली माणसं गुणिले दीड मिनिट हा हिशेब प्रत्येक अवघड टप्प्याला, जाताना आणि येताना वेगळा लिहा. बेरीज बसत नसेल तर बालेकिल्ला सोडा किंवा माणसं कमी घ्या.

नवखे जास्त असतील तर पाली दरवाज्याच्या रुंद पायऱ्यांनी उतरणं सोपं पडतं. मात्र गाडी त्या बाजूला आणायची हे ड्रायव्हरला सकाळीच, गावाचं नाव आणि वेळ सांगून पक्कं करा. वरून फोन लागेल या भरवशावर राहिलात तर माणसं पालीला आणि बस गुंजवण्याला, असा प्रकार होतो.

माघारीची वेळ आधीच ठरवा आणि सगळ्यांना सांगा. डिसेंबरात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अर्धा तास आधीच अंधारतं. अडीच तासांची उतरण असेल तर अडीचला गड सोडायचा, बालेकिल्ला पाहून झालेला असो वा नसो. वेगळा टॉर्च मात्र पहाटे निघालात तरी प्रत्येकाकडे हवा. मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो आणि जिचा नंतर फोन करायला उपयोग, ती फोनची बॅटरी संपते.

रांग तुटते ती अशी

पुढे लीडर, मागे स्वीपर (सगळ्यांत शेवटी चालणारा), मध्ये एखादा जाणकार, ही रचना सगळ्यांना माहीत असते. तरीही अर्ध्या तासात रांगेचे तीन तुकडे होतात, कारण विश्रांती चुकीची दिली जाते. पुढचे दहा जण झाडाखाली बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी शेवटचे दोघे धापा टाकत पोहोचतात आणि त्याच क्षणी पुढचे म्हणतात, ‘आले सगळे, चला!’ ज्यांना विश्रांतीची खरी गरज, त्यांना ती दिवसभर एकदाही मिळत नाही. चौथ्या थांब्यापर्यंत त्यांच्या पायांत गोळे येतात आणि मग दोष त्यांच्या फिटनेसला दिला जातो. नियम सोपा आहे: शेवटचा माणूस बसला की घड्याळ सुरू, तिथून पाच मिनिटं.

पहिली तीस मिनिटं मुद्दाम हळू चाला आणि कोण मागे पडतंय ते पाहा. त्याला स्वीपरच्या ताब्यात देऊन विसरू नका. लीडरच्या पाठीमागे, दुसऱ्या नंबरवर आणा. गटाचा वेग आपोआप त्याच्याइतका होतो आणि तोही मागे राहिल्याच्या दडपणातून सुटतो. पुढे पळणारी दोन-तीन उत्साही मंडळी कुरकुर करतील. त्यांच्याकडे दोर आणि जादा पाणी द्या.

फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत वळायचं नाही, हे लीडरपासून स्वीपरपर्यंत प्रत्येकाला लागू. डोकी नजरेने मोजू नका, कारण दुसऱ्या ग्रुपची माणसंही त्यात मोजली जातात. सकाळी प्रत्येकाला नंबर द्या आणि थांब्यावर आकडे म्हणायला लावा. सतरा गप्प राहिला तर लगेच कळतं. आडोशाला जाणाऱ्याने सॅक वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे स्वीपर ती ओलांडून पुढे जाणार नाही.

आणि प्रथमोपचार पेटी लीडरकडे का असते, हे एक कोडंच आहे. पाय मुरगळलेला माणूस मागे राहतो. पेटी स्वीपरकडे द्या.

वाट चुकली तर

सह्याद्रीत वाट चुकते ती बहुधा पदरातल्या (डोंगराच्या मधल्या टप्प्यावरच्या) जंगलात किंवा पठारावर, ढोरवाटांमुळे. गुरांच्या वाटा खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात, पण चरायच्या जागी जाऊन फाटत फाटत कारवीच्या झुडपांत विरून जातात. वाट पायाखाली अरुंद व्हायला लागली, फांद्या छातीच्या उंचीवर आडव्या यायला लागल्या, तर तुम्ही ढोरवाटेवर आहात. गुरं वाकून जात नाहीत हे खरं, पण ती फांदी ढकलून जातात. रोजची माणसं मात्र तोडून ठेवतात.

इथे पहिली चूक होते ती चार जणांना चार दिशांना पाठवण्याची. आधी एक वाट हरवलेली असते, मग माणसं हरवतात. सगळ्यांना बसवा, शेवटची खात्रीची खूण आठवा आणि पूर्ण गटाने तिथपर्यंत माघारी जा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘ओढ्याने उतरलो की गाव लागणारच.’ सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. त्यामुळे ओढा सलग उतरत नाही, कड्यावरून कड्यावर कोसळतो. दोन टप्पे उड्या मारून उतरता येतात, तिसरा साठ फुटांचा निघतो आणि आधीचे दोन परत चढता येत नाहीत. माहितीची नाळ (घळीतली वाट) वेगळी. अनोळखी ओढ्यात उतरण्यापेक्षा डोंगराच्या सोंडेवर चढून मोकळ्यावर या. तिथून गाव दिसतं आणि रेंजही मिळण्याची शक्यता असते.

मोबाइलवरचा जीपीएस ट्रॅक नेटशिवाय चालतो, पण नकाशा घरूनच उतरवून घ्यावा लागतो. ट्रॅक तिघांच्या फोनमध्ये ठेवा आणि त्यातला एक फोन बंद करून सॅकमध्ये.

गावकऱ्यांना विचारताना ‘ही वाट गडावर जाते ना?’ असं विचारलं की निम्म्या वेळा ‘जाते की’ असंच उत्तर येतं. ‘गडावर कुठून जायचं?’ असं विचारा. आणि त्यांचा अर्धा तास म्हणजे तुमचा एक तास. पाऊस, धुकं किंवा नवी वाट असेल तर गावातून वाटाड्या घ्याच. पैसे आधी ठरवा, खाली उतरल्यावर द्या आणि त्याचं जेवण आपल्यात धरा.

पावसाळ्यात

शुक्रवारीच दोन फोन करा: एक गावात, एक वनखात्याच्या नाक्यावर. धबधबे आणि किल्ल्यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. हरिश्चंद्रगड, कळसूबाई आणि भीमाशंकर तर अभयारण्यात येतात, तिथे प्रवेशाचे नियम वेगळे. सांदण दरी आणि भीमाशंकरचा शिडी घाट या पावसात ग्रुप न्यायच्या जागाच नव्हेत.

सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीएवढा झालेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, तर वर जोराचा पाऊस झालाय, थांबा. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर हातांची साखळी करून ओलांडायचा प्रयत्न नको, एक घसरला की शेजारचेही जातात. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणलोट छोटं असतं, पाऊस थांबला की एक-दोन तासांत पाणी उतरायला लागतं. तेवढा वेळ कोरडं खाणं आणि एक मोठा प्लास्टिकचा कागद जवळ असेल तर थांबणं जमतं. लोक घाईने ओलांडतात, कारण थांबायची तयारीच नसते.

वरचेवर येणाऱ्या अडचणी

बुटाचा सोल सुटणे: वर्षभर कपाटात ठेवलेले महागडे बूटही पहिल्याच चढावर दात विचकतात. आतला फोमचा थर हवेतली ओल शोषून भुगा होतो, त्यामुळे चिकटवून उपयोग नसतो. स्वीपरकडे सहा लांब केबल टाय आणि कापडी टेप ठेवा. पुढे दोन, टाचेवर एक टाय, गाठ वरच्या बाजूला. दर तासाला तपासा.

पायात गोळा: पोटरी ताणून धरा आणि ओआरएस द्या. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी टाकली की क्षार दुप्पट होतात आणि मळमळ वाढते. ऑक्टोबर ते मे माणशी तीन लिटर पाणी सकाळी भरून दाखवायला सांगा. गडावरच्या टाक्यांवर हिशेब मांडू नका.

पाय मुरगळणे: बूट काढू नका, सूज आली की परत चढत नाही, लेस आवळा. चार पावलं टाकता येत नसतील तर हाड मोडलंय असं धरून चाला. उचलून न्यायला एका वेळी सहा ते आठ माणसं आणि तेवढीच बदलीला लागतात. तेवढी ताकद नसेल तर फुशारकी न मारता १०८ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवा. निरोप घेऊन एकट्याला खाली पाठवू नका, दोघे जाऊ देत. जागा, जखमीची अवस्था, गटातली माणसं आणि वेळ कागदावर लिहून द्या. तोंडी निरोप गावात पोचेपर्यंत ‘दोन जण दरीत पडले’ असा होतो.

आग्या मोहोळ: कड्याजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, एका जागी बसू नका. डोकं-तोंड झाकून वाटेने लांब निघा, सॅक तिथेच राहू दे. नंतर काटे नखाने खरवडून काढा. ज्याचे ओठ किंवा घसा सुजतोय, त्याला ताबडतोब दवाखान्यात.

साप चावल्यास जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं सगळं बंद. अंगठ्या-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष जवळ कुठे मिळतं हे निघण्याआधीच फोन करून विचारलेलं असावं.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये ‘ट्रेकचा अनुभव आहे का?’ असं विचारू नका. सगळे ‘हो’ लिहितात. ‘गेल्या तीन महिन्यांत सलग सर्वांत जास्त किती तास चाललात?’ असं विचारा. दमा, मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी आणि चालू औषधं यांची यादी स्वीपरकडे द्या. इन्हेलर त्या माणसाच्या खिशात हवा, बसमधल्या बॅगेत नको.

परतीला गाडी सुटण्याआधी पुन्हा नंबर म्हणा. ड्रायव्हर दुपारी झोपलाय का ते विचारा. नसेल तर जेवणानंतर तासभर त्याला आडवं होऊ द्या आणि समोरच्या सीटवर जागणारा माणूस बसवा. पेटीतलं काय संपलं ते गाडीतच लिहा. पुढच्या शनिवारी रात्री औषधाची दुकानं बंद झालेली असतात.