दिवस गेलेत आणि अंग बोलतंय? सकाळच्या मळमळीपासून रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यापर्यंत काय काय करायचं

माझी दोन्ही बाळंतपणं सोलापुरातच झाली आणि दोन्ही वेळेला शेवटचे महिने नेमके एप्रिल-मेमधे आले, म्हणजे पारा ४२-४३ वर, नळाला पाणी रोज नाही आणि पोट एवढं पुढं. पहिल्या वेळी काहीही सांगायला गेलं की घरातल्या बायका "असं होतंच की गं" म्हणून गप्प करायच्या. होतं हे खरंय, पण होतं म्हणून सगळं सोसतच बसायचं असं कुठंय? उठायची-बसायची पद्धत आणि खायच्या वेळा जरा बदलल्या तरी बराच फरक पडतो. ते कसं करायचं ते सकाळपासून रात्रीपर्यंत क्रमानं सांगते.

पण आधी हे वाचा. अंगावरून रक्त किंवा पाणी जायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यापुढं चमकायला किंवा अंधुक दिसायला लागलं, तोंड-हात एकदम सुजले, बरगडीखाली जोरात दुखलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, ताप आला, लघवीला जळजळ झाली, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम होऊन दुखायला लागली, तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. अंगावर पुरळ नाही पण तळहात-तळपायाला खाज सुटतीय, रात्री जास्तच, तर तेपण डॉक्टरांना सांगा, ती लिव्हरची तक्रार असू शकते. गाडीची सोय नसली तर १०८ ला फोन. आणि मेडिकलमधनं आपल्या मनानं आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकवाल्या दुखायच्या गोळ्या आणून अजिबात खायच्या नाहीत.

सकाळची मळमळ

साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, बहुतेकींची १६ व्या आठवड्यापर्यंत कमी होते. नाव सकाळचं पण येते कधीपण. पोट रिकामं राहिलं की जास्त येते, आणि आपण मळमळतंय म्हणून खात नाही, मग अजून मळमळतं, हे चक्र तोडायचं.

रात्री झोपताना उशाशी डबीत कडक भाकरीचा तुकडा ठेवा (सगळे टोस्ट-बिस्कीट सांगतात, पण आपल्याकडं कडक भाकरी असताना बिस्कीट कशाला). डोळे उघडले की उठायच्या आधी पडल्या पडल्याच तो सावकाश चावून खायचा. मग १५-२० मिनिटं तसंच पडायचं. मग कुशीवर वळून, हात टेकून बसायचं, जरा थांबून उभं राहायचं, ताडकन उठलं की चक्कर येतीय. चहा त्याच्यानंतर. दिवसभर दोन-दोन तासांनी थोडं थोडं खा, पाणी जेवणाबरोबर ढसाढसा न पिता मधल्या वेळेत घोट घोट. आल्याचा तुकडा चघळला तर बऱ्याच जणींना बरं वाटतं. फोडणीचा वास सहन होत नसेल तर थंड दहीभात खा आणि फोडणी दुसऱ्या कुणाला तरी घालू द्या, तेवढ्यानं घर बुडत नाही. पाणीसुद्धा टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होतीय, असं झालं तर मात्र डॉक्टरांकडं जा, सलाईन लागू शकतं.

लोहाची गोळी आणि पोट साफ न होणं

ही जोडी आहे. अंगणवाडीतनं, आशाताईंकडनं मिळणारी लोहाची गोळी सुरू झाली की शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही, पण खडा धरतो आणि मग बायका गुपचूप गोळीच बंद करतात. बंद करू नका. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी हिच्याबरोबर घ्यायची नाही, दोन तासांचं तरी अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी चांगली लागते. पोटात ढवळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी हे तर आहेच, शिवाय कमोडवर बसताना पायाखाली पाट घ्या, जोर कमी लावावा लागतो आणि मूळव्याधीचा त्रास टळतो. तरीपण होत नसेल तर इसबगोल डॉक्टरांना विचारून. एरंडेल नको, आजी कितीही म्हणू दे.

जळजळ

हार्मोनमुळं जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि पुढं पुढं गर्भाशय खालनं ढकलत राहतं, त्यामुळं आंबट वर येतं. आता सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी सोडा म्हणणं म्हणजे जुलूमच, मी काही सोडली नाही, पण रात्रीची बंद केली आणि दुपारी चमचाभर दह्यात कालवून खाल्ली. रात्रीचं जेवण लवकर आणि कमी, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, झोपताना डोक्यापासून पाठीपर्यंत उंच करायचं (नुसती मान नाही, मान अवघडते). खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायची सवय असेल तर ती बंद, त्यात सोडियम फार. अँटासिड डॉक्टरांना विचारून, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको.

कंबर

हे सगळ्यात जास्त छळतं. पोट पुढं जातं, आपण तोल सांभाळायला मागं झुकतो, त्यात सांधे सैल झालेले. इथं घराघरात बायका तासन्‌तास खाली मांडी घालून विड्या वळतात नाहीतर शिलाई करतात, त्यांची तर वाट लागते. शक्य असेल तर या महिन्यांत तंबाखूचं काम सोडाच, ती धूळ बाळाला चांगली नाही. शिलाईचं असेल तर पाठीला भिंत, कंबरेमागं उशी, आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या.

संध्याकाळी हे करा: हात आणि गुडघे टेकून घोड्यासारखं व्हा, श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर गोल करा, श्वास घेताना परत सरळ, खाली लोंबू द्यायची नाही. आठ-दहा वेळा, सावकाश. डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर आधी विचारा. गरम पाण्याची पिशवी कंबरेला चालते, टॉवेल गुंडाळून, पोटावर नाही.

आणि पाणी यायचा दिवस! पहाटे नळ आला की आपण पोट-बिट विसरून घागरी उचलायला लागतो. पाइप लावून पिंप भरा, उचलायचंच असेल तर अर्धी बादली, कंबरेतनं न वाकता गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून. भरलेली घागर नवऱ्याला उचलू दे, त्याला काही होत नाही.

शिंकताना किंवा कूस बदलताना जांघेत सण्णकन कळ जाते ती बहुतेक वेळा ताणलेल्या स्नायूबंधाची असते. शिंक आली की पुढं वाकून गुडघे जवळ घ्यायचे, कळ बसत नाही. कळ थांबतच नसेल किंवा ठरावीक वेळानं परत परत येत असेल तर दवाखाना.

सुजलेले पाय

उन्हाळ्यात जास्तच. जोडवी सातव्या महिन्याच्या आत काढून ठेवा, माझी साबण लावून कशीबशी निघाली, सासूबाई "अपशकुन" म्हणाल्या पण बोट निळं पडण्यापेक्षा बरं. संध्याकाळी डाव्या कुशीवर पडून पायाखाली चादरींची चवड, २० मिनिटं, घोटे गोल गोल फिरवत. सूज येते म्हणून पाणी कमी करायचं नाही, उलट प्यायचं. ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं सावकाश चक्कर मारली तरी पाय मोकळे होतात. डोहाळजेवणात दोन-तीन तास पाय लोंबकळत झोपाळ्यावर बसवतात, तिथंपण पायाखाली स्टूल मागून घ्या, फोटोत दिसत नाही.

रात्र

सातव्या महिन्यानंतर पाठीवर झोपायचं नाही, पोटाच्या वजनानं मोठी रक्तवाहिनी दबते. डावी कूस बरी, उजवीपण चालते, आणि जाग आल्यावर पाठीवर सापडलात तर घाबरायचं कारण नाही, परत कूस घ्या. ती महागाची लांब उशी घ्यायची गरज नाही, आपली सोलापुरी चादर आहे ना. एक लांब गुंडाळी करून दोन गुडघ्यांमधे, दुसरीची छोटी घडी पोटाखाली, तिसरी पाठीमागं टेकायला. जाड असते, रात्रभर दबत नाही.

आणि २ वाजता पोटरीत गोळा येतो तेव्हा पाय ताणून बोटं पुढं करायची नाहीत, तसं केलं की अजून आवळतो. गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडं खेचायचं, अर्धा मिनिट धरून ठेवायचं, मग पोटरी चोळायची, मग उठून थोडं चालायचं. आठव्या महिन्यात पोटामुळं हात तिथवर पोचत नाही, तेव्हा ते पाऊल कसं दाबायचं हे नवऱ्याला दिवसाउजेडीच शिकवून ठेवा, रात्री झोपेतनं उठवून सांगायला गेलं तर तो आधी लाईटचं बटणच शोधत बसतो.