मोठी मूळ संख्या वहीपेन घेऊन कशी तपासायची

२ चा १२७ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा, ३९ अंकी संख्या येते. ती मूळ आहे हे एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली सिद्ध केलं, तेव्हा कॉम्प्युटर कुठला! शाळेत शिकवतात तसं २, ३, ५, ७ ने भागत बसलो तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून ही वेगळी पद्धत, जी १९३० मध्ये डेरिक लेमर या अमेरिकन गणितज्ञाने सोपी केली आणि आज दोघांच्या नावाने, ल्यूका-लेमर टेस्ट म्हणून, ओळखली जाते.

आधी एक बघा, ही पद्धत २ चा घात वजा १ अशा जातीच्या संख्यांनाच चालते, आणि त्यातही घातांक स्वतः मूळ हवा. ९ मूळ नाही, म्हणून २ चा ९ वा घात वजा १ म्हणजे ५११ पण मूळ नाही, ७ गुणिले ७३ होतात.

आता घातांक ७ घेऊ, संख्या १२७. सुरुवात ४ पासून करायची, वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची, आणि हे घातांकापेक्षा दोन कमी वेळा, म्हणजे इथे पाच वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

खरी मजा भागाकारात आहे. १२७ ने भागायचंच नाही, १२८ ने भागा आणि भागाकार अन् बाकी यांची बेरीज करा, कारण १२८ ला १२७ ने भागलं की बाकी १ च उरते. ४ वरून १४, १४ वरून १९४, त्यात १२८ एकदा जातो, उरले ६६, बेरीज ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, त्यात १२८ पस्तीस वेळा, उरले ७, झाले ४२. ४२ वरून १७६२, म्हणजे १३ आणि ९८, झाले १११. १११ वरून १२३१९, म्हणजे ९६ आणि ३१, बेरीज बरोब्बर १२७, म्हणजे शून्य! मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी परत पहिल्यापासून करून बघितलं, इतका आनंद झाला होता.

कॉम्प्युटरला तर १२८ ने भागणं म्हणजे बायनरीत, फक्त ० आणि १ ने संख्या लिहायच्या पद्धतीत, नुसते आकडे सरकवणं, म्हणूनच सगळ्यात मोठ्या माहीत असलेल्या मूळ संख्या बहुतेक वेळा याच जातीच्या निघतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, घातांक १३६२७९८४१ वाली, तब्बल ४,१०,२४,३२० अंकांची आहे आणि ती मूळ असल्याचं याच टेस्टने पक्कं केलं.

घातांक ११ ला मात्र फसू नका, २०४७ दिसायला मूळ वाटते पण नवव्या पायरीला १७३६ उरतात, अवयव २३ आणि ८९. आणि हे अवयव बघा, दोन्हींतून १ वजा केला की २२ ने भाग जातो, म्हणजे घातांकाच्या दुपटीने. या जातीत अवयव असेच असतात, त्यामुळे मोठी टेस्ट लावण्याआधी असे छोटे अवयव शोधून बघायचे, पुष्कळ वेळ वाचतो.

आता घातांक १३ तुम्ही करा, संख्या ८१९१, पायऱ्या ११, भागायचं ८१९२ ने. तिसऱ्या पायरीला ४८७० आलं तर बरोबर चाललंय.